ढगाखालचं नंदनवन

“कुलथे बाई, ते यान आपल्यावरून जाईल तेव्हा मुलांचे कपडे दिसतील ना?”

मुख्याध्यापक डोईफोडे सरांनी दारातूनच विचारलं. मी नववी ‘ब’च्या वर्गात पृथ्वीगोल काखेत धरून उभी होते.

“नाही सर. ते फार उंचावरून जातं. माणसं दिसत नाहीत.”

“माणूस नाही दिसला तरी गणवेश दिसेल. पांढरा आहे.” सर वर्गाकडे वळले. “त्या दिवशी सगळ्यांनी कडक इस्त्रीत यायचं. मुलींनी वेण्या वर बांधायच्या. आणि तोंडं उघडी टाकून वर बघत बसायचं नाही. शाळेची अब्रू जाते.”

सर गेले आणि वर्गात जी खसखस पिकली ती तास संपेपर्यंत थांबली नाही.

आज माझी नात तिच्या फोनवर बोट फिरवते आणि आमच्या गच्चीवर वाळत घातलेली चादर मला आकाशातून दाखवते. मी म्हणते, “अगंबाई.” तिला वाटतं, आजी थक्क झाली. मला मात्र तेव्हा निंबोडी आठवते. वीसेक वर्षं झाली त्याला.

निंबोडी म्हणजे आमचं तालुक्याचं गाव. मी तिथल्या शाळेत भूगोल शिकवायची. परदेशातल्या एका अवकाश संस्थेनं पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानावर एक कॅमेरा बसवला होता आणि जगभरातल्या शाळांना कळवलं होतं की, तुम्हांला पृथ्वीवरची कुठली जागा बघायची ते मुलांनी सांगावं, आम्ही फोटो काढून पाठवू. एका मासिकात ते वाचून मी अर्ज केला आणि आमची निवड झाली. एका शाळेला एकच फोटो. जागेचे अक्षांश-रेखांश मुलांनी काढायचे, यान त्यावरून कधी जाणार ते पाहायचं, आणि संगणकावरून विनंती पाठवायची.

दिवाळीनंतर मी मुलांच्या मागे लागले. तोवर अक्षांश-रेखांश म्हणजे परीक्षेत गाळलेल्या जागा भरायची वस्तू होती. आता त्यांना कळलं की त्या रेघांवर आपण राहतो.

“बाई, आमच्या आईनं माळवदावर मिरच्या वाळत घातल्या तर लाल दिसेल का?”

“एका माळवदावरच्या नाही दिसणार. सगळ्या गावानं घातल्या तर बघू.”

“मग काय दिसतं, बाई?” हे विचारणारी कालिंदा भिसे. शेवटच्या बाकावर बसायची, पण प्रश्न पहिल्या बाकावरचे.

“पाणी दिसतं. डोंगर दिसतात. हिरवं रान वेगळं, कोरडी जमीन वेगळी. आणि ऊन परतवणारं काही असेल तर ते फार चांगलं दिसतं. पांढरी वाळू, काच, धातू.”

तिनं ते ऐकून मान हलवली. मी पुढे शिकवत राहिले.

मग मी प्रत्येकाला सांगितलं की, आपल्याला कुठला फोटो हवा आणि का, ते वर्गापुढे येऊन बोला. कोणी ताजमहाल म्हटलं, कोणी मामाचं गाव. एकानं शत्रूच्या तोफा बघायच्या म्हणून सांगितलं. शेवटी कालिंदा आली.

“मला आमच्या गावाचा फोटो पाहिजे. नवं उंबरगव्हाण. कारण आमचं गाव नकाशात न्हाई.”

पोरं हसली. ती थांबली, हसणं संपू दिलं आणि पुढे बोलली.

“जुनं उंबरगव्हाण धरणात गेलं. आम्हांला बोडख्या डोंगराच्या पायथ्याला आणून बसवलं. आमचे वडील गाडीसाठी बसच्या आगारात किती खेपा गेले. तिथले साहेब भिंतीवरच्या नकाशावर काठी फिरवतात आन् म्हणतात, दाखवा कुठंय तुमचं गाव. नकाशात जुनं गाव आहे. तिथं आता पाणी. साहेब म्हणाले, पाण्यात गाडी कशी घालू?”

आता कोणी हसलं नाही.

“गाडी न्हाई म्हणून मी डोंगराच्या आडवाटेनं चालत येते. आधी आम्ही तिघी होतो. दोघींची लग्नं झाली. आता मी एकटीच. वडील म्हणतात, नववी झाली की बास. पण वरून काढलेला फोटो असला तर साहेबाला दाखवता येईल. हे बघा, हाय गाव.”

मी हात वर करायला सांगितले. ताजमहालवाल्यानंही कालिंदाच्या बाजूनं हात वर केला.

हे मत डोईफोडे सरांपर्यंत पोचलं आणि त्यांनी ते आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष नानासाहेब ढमढेरे यांच्या बंगल्यावर नेलं, कारण शाळेत खडू संपले तरी आधी नानासाहेबांच्या कानावर घालायची आमच्याकडे रीत होती. दुसऱ्याच दिवशी मला बोलावणं आलं.

नानासाहेब झोपाळ्यावर बसले होते. समोरच्या भिंतीवर एक मोठा रंगीत फलक: ‘लक्षवृक्ष नंदनवन’. बोडख्या डोंगरावर त्यांनी एक लाख झाडं लावली होती. म्हणजे तसं छापून आलं होतं. मीही एका पावसाळ्यात मुलांना घेऊन त्या लागवडीला गेले होते. भाषणं झाली, झाडं लावताना फोटो निघाले, मग जेवणं झाली, आणि मुलांनी लावलेली रोपं शेळ्यांनी त्याच संध्याकाळी उरकली. पुढल्या वर्षी त्याच खड्ड्यांत पुन्हा लागवड झाली. असं दर वर्षी त्याच खड्ड्यांत करत करत लाखाची बेरीज झाली होती. त्या वर्षी नानासाहेबांचं नाव वनीकरणाच्या एका मोठ्या पुरस्कारासाठी गेलं होतं.

“बाई, तुमचं काम उत्तम आहे,” ते म्हणाले. “आकाशातून आपल्या तालुक्याकडे बघणार म्हणजे काय! आता बघायचंच तर जे बघण्यासारखं आहे ते बघू दे. नंदनवनाचा फोटो मागवा.”

“नानासाहेब, मुलांनी एक जागा निवडली आहे...”

“वसाहत ना? सांगितलं सरांनी. अहो, पत्र्याची घरं जगाला काय दाखवायची? पुरस्काराच्या समितीला पुरावा लागतोय. जमिनीवरून काढलेल्या फोटोवर लोक शंका घेतात.”

“वरून काढलेल्यावर घेणार नाहीत,” मी म्हटलं.

“तेच म्हणतोय मी!” नानासाहेब खूश झाले.

तिथून परत येताना मी सरांना विचारलं, “सर, तुम्ही त्या डोंगरावर अलीकडे गेलाय का?”

“दर वर्षी जातो. मांडवात असतो मी.”

कालिंदाला सांगणं मला जड गेलं. तिनं ऐकून घेतलं आणि सर्वेक्षणाचा नकाशा बाकावर पसरला. पट्टी लावून बराच वेळ मोजत बसली.

“बाई, फोटोत जागा किती येते?”

“बरीच येते. डोंगर मध्यावर धरला तरी चहूबाजूंनी गावंच्या गावं येतील.”

“मग आमचं गाव कोपऱ्याला येतंय.”

“येईल. पण कोपऱ्यात लहान दिसेल गं. ओळखू येईल याची खात्री नाही.”

“येऊ द्या कोपऱ्याला,” ती म्हणाली. आणि डोंगराचे अक्षांश-रेखांश तिनंच काढले. वर्गात तेवढं बिनचूक दुसऱ्या कोणाला जमत नव्हतं.

विनंती पाठवायच्या दिवशी शाळेच्या संगणकावरचं भरतकामाचं आच्छादन काढलं गेलं. विनंत्या दुपारी बाराला बंद होणार होत्या. कालिंदानं सगळे आकडे भरून ठेवले होते, आता फक्त एक कळ दाबायची होती. पण डोईफोडे सरांनी माऊसला लाल फीत बांधली होती आणि कालिंदाच्या हातात कात्री, कुंकू, अक्षता आणि पेढे ठेवलेलं तबक दिलं होतं.

“सर, वेळ होतेय. तिला दाबू द्या. उद्घाटन मागाहून करू,” मी म्हटलं.

“बाई, काहीतरीच काय! मागाहून उद्घाटन कसं होईल? नानासाहेब निघालेत.”

नानासाहेब निघालेत याचा अर्थ निंबोडीत सगळ्यांना ठाऊक होता. ते अजून आंघोळीला गेलेले नसत. आम्ही घड्याळाकडे बघत बसलो. कालिंदा कळीकडे बघत होती.

बाराला थोडा वेळ उरला असताना जीपचा आवाज आला. सरांनी संगणकावर नारळ फोडायचं म्हटलं, ते मी उंबरठ्यावर फोडायला लावलं. नानासाहेबांनी कात्री उचलली आणि ती सरळ माऊसच्या वायरीकडे नेली.

“ती न्हाई!” कालिंदा ओरडली. “लाल! लाल कापा!”

लाल कापली गेली. टाळ्या वाजल्या. नानासाहेबांनी कळ दाबली आणि विनंती गेली. लगेच त्यांनी मला विचारलं, “आला का फोटो?”

यान आमच्यावरून जायचं ठरलं त्या दिवशी सकाळी मैदानावर सारी शाळा कडक इस्त्रीत उभी होती. चुन्यानं ‘सुस्वागतम्’ लिहिलं होतं, वाचणाऱ्याचं डोकं उत्तरेला असेल असं गृहीत धरून. मी, सर आणि तबक घेतलेली कालिंदा मात्र बोडख्या डोंगरावर होतो. यान वरून जात असताना नानासाहेब एका झाडाला पाणी घालताना दिसावेत, अशी सरांची योजना होती. झाड नसल्यामुळे रोपवाटिकेतून एक वडाचं रोप आणलं होतं. काळ्या पिशवीसकट ते खड्ड्यात उभं केलं होतं. शेजारी पितळी झारी. नानासाहेब एका साखरपुड्याला गेले होते आणि तिथून निघाले होते.

आकाश स्वच्छ होतं. लांबवर एकच ढग होता. मी घड्याळ बघत होते.

“गेलं, सर.”

“काय गेलं?”

“यान.”

सरांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे. “आवाज नाही आला.”

“येत नाही.”

“मग सांगा ना त्यांना, जरा मागं घ्या म्हणावं. पाहुणे वाटेत आहेत.”

“सर, ते मागे घेता येत नाही. एव्हाना बंगालच्या पुढे गेलं असेल.”

“दोन मिनिटं थांबायला काय झालं होतं?” सर खरोखर दुखावले होते. “एवढी मोठी संस्था, आणि शिष्टाचार म्हणून नाही.”

नानासाहेब आले तेव्हा त्यांना यान गेल्याचं सांगायची सरांची छाती झाली नाही. नानासाहेबांनी रिकाम्या आकाशाकडे हसून बघत वडाला पाणी घातलं. बराच वेळ घातलं. पिशवी भरून वाहायला लागली तेव्हा सर म्हणाले, “फोटो निघाला साहेब, फार छान निघाला.”

कालिंदा डोंगराच्या कडेला जाऊन खाली बघत होती. खाली तिची वसाहत होती. त्या बाजूनं डोळ्यांवर तिरीप येत होती म्हणून मी तिकडे नीट पाहिलं नाही.

फोटो आल्याचं कळलं तेव्हा तो उघडून बघायच्या आधीच सरांनी चौकट करायला टाकली, सभागृहात वार्ताहर बोलावले आणि पुरस्कार समितीचे एक गृहस्थही बोलावले. ते सगळे चहा घेत होते आणि आम्ही चौघं, म्हणजे नानासाहेब, सर, मी आणि कालिंदा, संगणकाच्या खोलीत दार लावून बसलो होतो. तेव्हाच्या त्या जोडणीवर फोटो एकदम उघडत नसे. वरून एकेक पट्टा उतरत यायचा, पडदा खाली सोडावा तसा.

पहिल्यांदा धरणाचं पाणी आलं. गडद निळं.

“वा!” नानासाहेब म्हणाले.

मग धरणाच्या कडेची शेतं आली, हिरवे-पिवळे तुकडे. एका बाजूला तो एकुलता ढग. मग तपकिरी रंग सुरू झाला.

“हिरवं कुठंय?” नानासाहेबांनी विचारलं.

“येईल साहेब. खाली असेल,” सर म्हणाले.

आणखी एक पट्टा आला. तपकिरी. आणखी एक. आता डोंगराचा सगळा आकार दिसू लागला, घळी, सुळके, उतार, हजामत केलेल्या डोक्यासारखा लखलखीत स्वच्छ. चित्राच्या बरोबर मध्यभागी. कालिंदाचा हिशेब चुकला नव्हता.

“संगणकाचा हिरवा रंग संपला असेल,” सर म्हणाले.

“सर, पलीकडची शेतं हिरवी आली आहेत,” मी म्हटलं.

शेवटचा पट्टा उतरला आणि खालच्या कोपऱ्यात, डोंगराच्या पायाशी, पांढरेशुभ्र ठिपके चमकले. दाट, एकमेकांना लागून, ओळीनं. सगळ्या चित्रात तेवढंच काहीतरी डोळ्यांत भरत होतं.

“हे काय आहे?” नानासाहेबांनी विचारलं.

“आमचं गाव!” कालिंदा खुर्चीच्या मागून पुढे आली. “बाई, पत्रे! आम्ही धुतले होते! सगळ्यांनी. घागरी नेऊन, राखेनं घासून. मी सांगितलं होतं घरोघरी. म्हातारी माणसंसुद्धा शिडीवर चढली होती, बाई.”

मला त्या दिवशीची तिरीप आठवली.

बाहेरून कोणीतरी दार वाजवलं. “नानासाहेब, समितीच्या पाहुण्यांना गाडी गाठायची आहे. फोटो बघायला मिळेल ना?”

नानासाहेबांनी रुमालानं कपाळ टिपलं. त्यांच्याबद्दल मी पुष्कळ वाईट बोलू शकते, पण त्यांची बुद्धी किती चपळ होती हे मी त्या क्षणी पाहिलं.

“सर,” ते हळू आवाजात म्हणाले, “आपण फोटो कशाचा मागितला होता?”

“नंदनवनाचा, साहेब.”

“नीट आठवा.”

सरांनी आठवायला सुरुवात केली. त्यांचा चेहरा आधी फिका पडला, मग हळूहळू उजळला. “वसाहतीचा, साहेब!”

“बाई?”

मी कालिंदाकडे पाहिलं. ती अजून पत्र्यांकडे बघत होती.

“नव्या उंबरगव्हाणाचा,” मी म्हटलं. “मुलांनी हात वर करून ठरवला होता. सगळ्या वर्गाला विचारा.”

“मग झालं तर!” नानासाहेब उठले.

सभागृहात भिंतीवर फोटो मोठा करून दाखवला. नानासाहेबांनी डोळ्यांना रुमाल लावला. “धरणानं ज्यांचं सारं गिळलं, त्या माझ्या बांधवांचं गाव आज कुठल्याच नकाशात नाही. पण आकाशानं त्याची नोंद घेतली! मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो, फोटो घ्यायचा तर याच गावाचा!”

टाळ्या झाल्या. एका वार्ताहरानं हात वर केला. “नानासाहेब, हा मधला उघडा डोंगर कोणता?”

“तो? तो पलीकडच्या तालुक्यातला. त्यांचं या बाबतीत फार दुर्लक्ष आहे.”

“मग नंदनवन कुठे आहे यात?”

नानासाहेबांनी सरांकडे पाहिलं, सरांनी माझ्याकडे, मी छताकडे. मग सरांनी छडी उचलली आणि चित्रातल्या त्या ढगावर ठेवली.

“याच्याखाली.”

समितीचे गृहस्थ चष्मा सावरून पुढे झाले. “बाकी आकाश निरभ्र आहे आणि नेमका तिथेच ढग,” ते म्हणाले. “दाट झाडी असली की ढग ओढले जातात. याहून मोठा पुरावा काय हवा?” आणि त्यांनी ते टिपून घेतलं. पुरस्कार मिळाला, हे सांगायला नकोच.

टाळ्या विरायच्या आत माझ्या शेजारून आवाज आला. कालिंदा होती, पेढ्यांचं तबक घेतलेली.

“नानासाहेब, मग आता आमच्या गावाला गाडी येईल का? आगारातले साहेब म्हणतात, गावच न्हाई.”

वार्ताहरांच्या पेनांची टोकं वर झाली.

“न्हाई?” नानासाहेब भिंतीकडे हात करत गरजले. “हे काय आहे मग? कोण म्हणतो न्हाई? पोरी, गाडी सुरू झालीच म्हणून समज!”

त्यांच्या सहीचा तो फोटो आगारातल्या भिंतीवर नकाशाशेजारी लागला. काठीवाल्या साहेबांनी काठी त्या ठिपक्यांवर टेकवून, आपल्याला हे गाव कायमच माहीत होतं, असं सांगितलं. मार्च उजाडला आणि गाडी मंजूर झाली.

पहिल्या फेरीच्या सकाळी निंबोडीच्या स्थानकात लाल गाडी झेंडूच्या माळा घालून उभी होती. तिच्या नाकासमोर दोन खांबांना फीत बांधली होती. आत वसाहतीची माणसं, बायका, पोरं दाटीवाटीनं बसली होती. कालिंदाचे वडील खिडकीशी, कालिंदा कंडक्टरच्या जागेजवळ, मी तिच्या मागे. डोईफोडे सर खाली उभे होते, हातात कात्री.

वेळ झाली. गाडी सुटेना.

“नानासाहेब निघालेत,” सर खालून म्हणाले.

ऊन चढलं. माळा सुकायला लागल्या. कंडक्टर खाली उतरून विडी ओढून आला. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं, बंद केलं, पुन्हा चालू केलं. कालिंदाचे वडील खिडकीतून म्हणाले, “सर, वेळंवर सुटली न्हाई तर पोरगी रोज उशिरा पोचंल की.”

“आज पहिला दिवस आहे हो. आज कसली वेळ?”

कालिंदानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं. ती उभी राहिली, टाचा उंचावल्या आणि डोक्यावरची दोरी दोनदा ओढली.

टिंग टिंग.

ड्रायव्हरला घंटी कळते, ती कोणी वाजवली ते बघायला तो मागे वळत नाही. गाडी हलली. फीत ताणली गेली, तुटली आणि आरशाला गुंडाळून आमच्याबरोबर निघाली. डोईफोडे सर कात्री उंचावून धावत होते. “अहो थांबा! मागं घ्या! मागं घ्या गाडी!”

“कोणी वाजवली घंटी?” कंडक्टर ओरडला. सगळी गाडी खिडक्यांबाहेर बघायला लागली.

बोडख्या डोंगराच्या वळणावर ड्रायव्हरनं वेग कमी केला. तिथे रस्त्याच्या कडेला नानासाहेबांचा भला थोरला फलक होता, ‘लक्षवृक्ष नंदनवन’. वर उतारावर काळ्या पिशवीतलं वडाचं रोप अजून उभं होतं, एकटंच.

“हितं थांबा आहे का?” कंडक्टरनं विचारलं. “बोर्ड तर मोठा दिसतोय.”

“न्हाई,” कालिंदा म्हणाली. “हितं काही न्हाई. गाव पुढं हाय.”

आणि तिनं पुन्हा दोरी ओढली. कंडक्टरनं या वेळी तिच्याकडे पाहिलं आणि तो पुढची तिकिटं फाडायला लागला. पुढच्या वळणावर पत्रे चमकायला लागले.